एकीकडे पांढरी, दुसरीकडे काळी: एमआरआयवरून मेंदूच्या गाठीतला जनुक कसा ओळखतात

आधीच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून काका उभे होते. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर टोपी. आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या मागांवर जकार्ड बांधण्यात गेलेलं. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मुलगा आत कपडे बदलत होता. अडतीस वर्षांचा. पंधरा दिवसांपूर्वी मागासमोर उभा असतानाच त्याला फिट आली, आयुष्यातली पहिली. तोवर कधी डोकंही दुखलं नव्हतं.

"साहेब, हे दोन फोटो एकाच डोक्याचे हैत न्हवं?"

"हो काका."

"मग ह्यात ही जागा पांढरी, अन् शेजारच्यात तीच जागा काळी. मशीन बिघडलंवतं का काय ओ?"

मी सोलापुरात एमआरआय टेक्निशियन आहे. माणसाला मशीनमध्ये झोपवणं, सुई लावणं, फोटो नीट आणणं हे माझं काम. रिपोर्ट लिहिणं रेडिओलॉजिस्टचं. त्यामुळे "डॉक्टर सांगतील, काका" एवढंच मी म्हणालो. पण काकांचं बोट नेमक्या ज्या जागी पडलं होतं, त्या खुणेला डॉक्टरांच्या जगात नाव आहे, आणि त्या खुणेवरून गाठीच्या आतल्या जनुकाबद्दल अंदाज बांधता येतो. काउंटरवर उभ्या उभ्या ते सांगणं शक्य नव्हतं. इथे जरा बैजवार सांगतो.

आधी हे, की जनुकाची एवढी चौकशी कशाला. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून ज्या गाठी होतात त्यांना ग्लायोमा म्हणतात. पूर्वी गाठीचा तुकडा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात ते बघायचं आणि नाव ठेवायचं, अशी पद्धत होती. एकाच स्लाइडला दोन पॅथॉलॉजिस्टनी दोन नावं दिली असंही व्हायचं. त्याहून वाईट म्हणजे, दिसायला सारख्या असलेल्या दोन गाठींपैकी एक वर्षानुवर्षं संथ राहायची आणि दुसरी वर्षभरात माणूस न्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पहिल्यांदा गाठींच्या वर्गवारीत जनुकीय बदल आणले, आणि २०२१ च्या वर्गवारीत तर ते मुख्य खांबच झाले. मोठ्या माणसांत मेंदूभर पसरत जाणाऱ्या ग्लायोमाचे आता तीनच प्रकार धरतात. आयडीएच नावाच्या जनुकात बदल असलेला ॲस्ट्रोसायटोमा. आयडीएचचा बदल आहेच, शिवाय एक नंबरच्या गुणसूत्राचा आखूड बाहू आणि एकोणीस नंबरच्या गुणसूत्राचा लांब बाहू दोन्ही गळालेत, असा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. रिपोर्टात हे '१पी/१९क्यू कोडिलीशन' असं लिहिलेलं असतं. आणि आयडीएच शाबूत असलेला ग्लायोब्लास्टोमा, तिघांत सगळ्यात दांडगा.

आयडीएच शाबूत असणं म्हणजे वाईट, बदललेला असणं म्हणजे त्यातल्या त्यात बरं. हे उलटं वाटतं आणि रिपोर्ट वाचताना घरचे लोक हमखास इथेच फसतात. 'म्युटेशन आहे' वाचून रडायला लागतात. ग्लायोब्लास्टोमावरच्या २००५ च्या गाजलेल्या चाचणीत रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड घेतलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य, म्हणजे ज्याच्या आत निम्मे रुग्ण गेले आणि ज्याच्या पुढे निम्मे जगले तो काळ, १४.६ महिने निघालं होतं. आयडीएच बदललेल्या गाठींचे, विशेषतः ऑलिगोडेंड्रोग्लायोमाचे रुग्ण कित्येक वर्षं जगतात.

आणि दुसरा प्रश्न, जो जवळजवळ प्रत्येक घर विचारतं: "जनुकाचं आहे म्हणता, मग पोराबाळांना होईल का?" बहुतेक वेळा नाही. हा बदल आईबापाकडून आलेला नसतो. मेंदूतल्या एका पेशीत तो कधीतरी झाला आणि तिच्यापासून झालेल्या पेशींत राहिला. त्या माणसाच्या रक्तात, त्याच्या मुलांच्या अंगात तो नसतो.

कार्डातला घोळ

त्या दिवशी स्कॅन आटोपला आणि सीडी राइट होईपर्यंत काका बाकावर बसले होते. मी विचारलं, चादरीत खोट निघाली तर कुठे बिघडलंय ते कसं ओळखता? काकांची कळी खुलली. हल्ली इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, पण ते जुन्या पुठ्ठ्याच्या कार्डांतले. कार्डाला जिथे भोक तिथला ताण्याचा दोरा उचलला जातो, भोक नाही तिथला खाली राहतो, आणि अशी शेकडो कार्डं माळेसारखी फिरली की चादरीवर फूल उठतं.

"एकाच जागी दोरा चुकला तर दोरा तुटला म्हणायचं," काका म्हणाले. "उभी रेघ सलग चालली तर हूक अडकलंय. अन् दर फुलात, त्याच पाकळीत, तीच चूक आली, तर मग कार्डातच घोळ. कार्ड बघायची गरज न्हाई, कापड सांगतंय."

एमआरआयवरून जनुक ओळखण्याच्या अख्ख्या शास्त्राला मला तरी याहून बरं उदाहरण सुचलेलं नाही. जनुक म्हणजे कार्ड. ते इतकं बारीक आहे की कुठल्याही स्कॅनरला दिसत नाही, दिसणारही नाही. आपण बघतो ते कापड: गाठीतल्या पेशी किती दाटीवाटीने बसल्यात, त्यांच्यात पाणी कसं फिरतंय, रक्तवाहिन्या किती उगवल्यात, पेशींनी कुठली रसायनं साठवलीत. काही जनुकीय चुका कापडावर ठरावीक ठिकाणी, ठरावीक प्रकारची खोट उठवतात. काही उठवतच नाहीत. सगळा डाव यावरच अवलंबून आहे.

आयडीएच पहिल्या प्रकारातला. २००८ साली ग्लायोब्लास्टोमाच्या जनुकांची छाननी चालू असताना तो सापडला. या जनुकाचं पूर्ण नाव आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज. पेशीत रसायनांची जी उलाढाल चालते, त्यातली एक पायरी करणारं एन्झाइम तो बनवतो. ग्लायोमात दिसणाऱ्या आयडीएचच्या बदलांपैकी साधारण नव्वद टक्के एकच असतो: प्रथिनाच्या माळेतला १३२ वा मणी, आर्जिनीनच्या जागी हिस्टिडीन. एवढ्याने एन्झाइम बंद पडलं असतं तर गोष्ट साधी होती. ते नवंच काम करायला लागतं. '२-हायड्रॉक्सीग्लूटारेट' नावाचं एक रसायन, जे निरोगी मेंदूत नावापुरतं असतं, ते हे बिघडलेलं एन्झाइम ढिगाने तयार करतं. ते साठलं की पेशीतले कित्येक दुसरे जनुक चालू-बंद होण्याची घडी विस्कटते. म्हणजे कार्डातलं एक भोक चुकलं आणि फुलाचा आकारच बदलला.

पाणी, रक्त आणि एक बारकं टोक

एमआरआय मुळात पाणी बघतं. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक इवल्याशा चुंबकासारखं वागतं. दीड टेस्लाच्या मशीनचं चुंबकत्व पृथ्वीच्या साधारण तीस हजार पट. त्यात माणूस झोपवला की हे चुंबक रांगेला लागतात. मग ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खालची लहर सोडायची. चुंबक डळमळतात, परत जागेवर येतात आणि येताना स्वतःची लहर सोडतात. मोकळं पाणी सावकाश शांत होतं, पेशींत अडकलेलं पाणी लवकर. फोटोतला सगळा काळा-पांढरा खेळ त्यातून येतो.

आता काकांची पांढरी-काळी जागा. पांढरा फोटो होता टी-२ चा. त्यात पाणी जिथे जास्त तिथे लख्ख उजेड. शेजारचा होता फ्लेअर. तोही टी-२ च्याच घराण्यातला, फक्त त्यात मेंदूभोवतीच्या पाण्यासारखं मोकळं पाणी मुद्दाम विझवलेलं असतं. नेहमीची गाठ दोन्हींत पांढरी दिसते. या गाठीचं पोट टी-२ वर एकसारखं पांढरं होतं आणि फ्लेअरवर काळवंडलेलं, कडेला फक्त पांढरी किनार. म्हणजे गाठीच्या आतलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत होतं. अशा गाठी विरळ विणीच्या असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत बारीक बारीक पोकळ्या सापडल्यात. कारण तेच असावं असं मानतात. या खुणेला टी-२ फ्लेअर मिसमॅच म्हणतात. २०१७ मध्ये ती पहिल्यांदा नीट मांडली गेली, आणि ती बोट दाखवते ते एकाच प्रकाराकडे: आयडीएच बदललेला, पण १पी/१९क्यू शाबूत, म्हणजे ॲस्ट्रोसायटोमा.

या खुणेचा स्वभाव समजून घ्यायला हवा. संक्रांतीच्या दिवसांत तुम्हाला रस्त्यावर सात नंदीध्वज डुलत येताना दिसले, तर सिद्धेश्वराचा गड्डा चालू आहे हे वेगळं कुणाला विचारावं लागत नाही. पण तुमच्या गल्लीत नंदीध्वज दिसले नाहीत म्हणून यात्रा नाही असं थोडंच आहे? मिसमॅचचं तसं आहे. मोठ्या माणसात, व्याख्या काटेकोर लावून, ती दिसली तर जवळजवळ खात्री. नाही दिसली तर काहीच कळलं नाही, कारण या प्रकारच्या निम्म्याहून जास्त गाठींत ती नसतेच. 'व्याख्या काटेकोर लावून' हे शब्द मी उगाच घातलेले नाहीत. फ्लेअरवर थोडा काळा डाग दिसला की मिसमॅच म्हणायची घाई केली, तर ही पक्की खूणही कच्ची होते. मुलांच्या गाठींत तर ती दुसऱ्याच कारणाने दिसू शकते.

पुढची तपासणी डिफ्यूजन. पाण्याचे कण एका जागी थांबत नाहीत, इकडे तिकडे भटकतात. किती भटकतात ते मोजायचं. पेशींची दाटी असेल तर पाण्याला हलायला जागा नाही. आयडीएच शाबूत असलेल्या दांडग्या गाठींत भटकणं सहसा कमी, बदललेल्यांत जास्त. दोन्हींचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात, त्यामुळे नुसत्या डिफ्यूजनवर कुणी निकाल देत नाही.

परफ्यूजन मला स्वतःला आवडतं, कारण त्यात हाताचं कसब लागतं. उजव्या हाताच्या कोपराच्या खोबणीत हिरवी, म्हणजे जरा जाड सुई लावायची. गुलाबीवर भागतं, पण हिरवी असेल तर जीव शांत राहतो. त्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय ना याचा, रिपोर्ट बघून घ्यायचा. इंजेक्टर सेकंदाला चार-पाच मिली वेगाने गॅडोलिनियमचं औषध ढकलतो, मागून लगेच सलाईन. इकडे मशीन अख्ख्या मेंदूचा फोटो दर सेकंद-दीड सेकंदाला काढत राहतं. औषध मेंदूत पोचलं की फोटो काळवंडतो, पुढे निघून गेलं की परत उजळतो. जिथे जास्त काळवंडला तिथे रक्त जास्त. शीर नीट लागली नाही, औषध रेंगाळत गेलं, तर आलेखाची दरी उथळ येते आणि सगळी मेहनत पाण्यात. दुसरा डोस लगेच देता येत नाही. ग्लायोब्लास्टोमा प्राणवायूसाठी हपापलेला असतो आणि नव्या रक्तवाहिन्या भराभर फुटवतो, म्हणून तिथे रक्ताचा आकडा चढा येतो. आयडीएच बदललेल्या ॲस्ट्रोसायटोमात तो सहसा उतरता. यात खोडा घालतो ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. गाठ संथ, पण तिच्यात कुंपणाच्या जाळीसारख्या बारीक केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. परफ्यूजन बघणारा म्हणतो दांडगी गाठ, आणि निघते भलतीच. अशा वेळी साधा सीटी स्कॅन कामाला येतो: कपाळामागच्या भागात, मेंदूच्या वरच्या थरापाशी, कॅल्शियमचे खडे दिसले तर संशय ऑलिगोवर जातो. महागड्या तपासण्यांच्या गर्दीत स्वस्त सीटीचा रिपोर्ट घरी विसरू नका.

आत्तापर्यंतच्या सगळ्या खुणा आडून बोलणाऱ्या. थेट बोलणारी एकच आहे, स्पेक्ट्रोस्कोपी. यात चित्र येत नाही, आलेख येतो. गाठीत एक चौकोनी खोका मांडायचा आणि त्या खोक्यात कुठली रसायनं किती आहेत ते टोकांच्या रूपात बघायचं. मघाचं २-हायड्रॉक्सीग्लूटारेट आठवतंय? त्याचं टोक आलेखावर २.२५ पीपीएमच्या जागी उगवतं. ते दिसलं तर बिघडलेल्या कार्डाने काढलेला मालच हाती लागल्यासारखं आहे. २०१२ मध्ये हे रुग्णांच्या डोक्यात, सुई न लावता मोजून दाखवलं गेलं.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ग्लूटामेट, ग्लूटामीन, गाबा यांची टोकं त्याच्या अंगावर बसलेली असतात, आणि हे बिचारं त्यांच्यात दडून जातं. वेगळं काढायला बहुतेक ठिकाणी तीन टेस्लाचं मशीन आणि वेळा खास जुळवलेला प्रोग्रॅम वापरतात. मी काम करतो त्या मशीनवर तो प्रोग्रॅम नाही. नेहमीची स्पेक्ट्रो होते. काकांच्या मुलाची तीही वाया गेली. गाठ कवटीच्या हाडाला लागून होती, खोका कुठेही सरकवला तरी आलेख गवतासारखा. दोनदा घेतला, तिसऱ्यांदा तो हलला, मग सोडून दिलं.

जे दिसत नाही ते

आता कापडावर खोट न उठवणारा जनुक. एमजीएमटी नाव. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला इजा करतं आणि एमजीएमटी ती इजा दुरुस्त करतो. या जनुकाच्या तोंडाशी मिथाइलची टोपणं बसली की तो गप्प होतो, दुरुस्ती थांबते, औषध जास्त लागू पडतं. हे २००५ पासून माहीत आहे. साहजिकच, एमआरआयवरूनच हे कळलं तर किती बरं, म्हणून २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संघटनेच्या पुढाकाराने मोठी स्पर्धा झाली. शेकडो रुग्णांचे स्कॅन दिले, जगभरातल्या संगणकवाल्यांनी आपापली एआय मॉडेलं उतरवली. मोजायची पट्टी अशी, की ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक. जिंकलेल्या मॉडेलचा आकडा साधारण ०.६२ होता.

मला यात मॉडेलांचा दोष फार दिसत नाही. आयडीएच बिघडला की पेशीचा अख्खा स्वयंपाक बदलतो, म्हणून पाण्यावर आणि रक्तावर त्याची छाया पडते. एमजीएमटीची टोपणं बसली म्हणून पेशी दाट होत नाहीत, रक्तवाहिन्या वाढत नाहीत. काका म्हणतील, ही चूक कार्डात आहे पण फुलात उतरतच नाही. मग कापड कितीही भिंग लावून बघा.

एआयबद्दल बातम्यांत '९५ टक्के अचूक' छापाचे मथळे येतात, तेव्हा एकच विचारा: ज्या दवाखान्याच्या स्कॅनवर मॉडेल शिकलं, त्याच्या बाहेरच्या स्कॅनवर तपासलं का? ही मॉडेलं गाठीच्या फोटोतून शेकडो मापं काढतात: कडा किती खडबडीत, उजेड किती विखुरलेला, डाव्या बाजूला की उजव्या. एका ठिकाणी झकास चालणारं मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर गडगडतं, कारण ते गाठीबरोबर मशीनच्याही सवयी शिकलेलं असतं. आपल्याच शाळेत घोकून पहिला आलेला पोरगा बोर्डाच्या पेपराला बसवावा तसं.

मग तुकडा काढायचा नाही का? काढायचाच. आजही निदानाची शेवटची सही गाठीच्या तुकड्यावरच होते. आयडीएचचा तो नव्वद टक्केवाला बदल ओळखणारं अँटीबॉडीचं स्टेनिंग असतं, ते जनुक वाचण्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. एमआरआयचा अंदाज त्याच्या आधी आणि नंतर उपयोगी पडतो. आधी म्हणजे, सर्जनला ऑपरेशनला जाण्यापूर्वी माहीत हवं की समोर काय आहे, किती काढायचं, बोलण्याच्या किंवा हाताच्या केंद्राला किती चिकटायचं. मेंदूच्या देठात, थॅलॅमसमध्ये खोल बसलेल्या गाठीला सुई लावणंच जोखमीचं असतं, तिथे अंदाजाचं वजन आणखी वाढतं. सुई तर गाठीच्या एकाच कोपऱ्यातला दाणा आणते. स्कॅन अख्खी गाठ दाखवतो, त्यामुळे सुई कुठे घालावी हेही तोच सांगतो. आणि नंतर, वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला दर वेळी डोकं उघडता येत नाही.

आयडीएच ओळखण्याला आता औषधाचंही कारण मिळालंय. व्होरासिडेनिब नावाची गोळी त्या बिघडलेल्या एन्झाइमलाच अडवते. ऑपरेशन झालेल्या, रेडिएशन-केमो न घेतलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे संथ वाढणाऱ्या गाठीच्या, ३३१ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले: गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ गोळी घेणाऱ्यांत २७.७ महिने, न घेणाऱ्यांत ११.१. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली.

काकांच्या मुलाचं ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक डब्यात घालून पुतण्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जनुकाच्या तपासणीसाठी मुंबईला घेऊन गेला. काही आठवड्यांनी काका रिपोर्ट घेऊन आले, मला दाखवायला. तो वाचण्याचा अधिकार माझा नाही हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. तरी त्यांनी काउंटरवर कागद उलगडला. आयडीएच-१ बदललेला, १पी/१९क्यू शाबूत.

"म्हंजे मला त्या दिवशी दिसलं ते खरंच हुतं तर," ते म्हणाले. मी मान हलवली. जुनी फिल्म दुमडून दुमडून मधोमध पांढरी पडली होती. मी त्यांना सांगितलं, फिल्म राहू द्या, सीडी तेवढी जपा. पुढच्या डॉक्टरला मोजमाप करायला सीडीच लागते, आणि पुढचे स्कॅनही जमलं तर याच मशीनवर करा म्हणजे जुन्या-नव्याची तुलना सरळ होते. तारीख जानेवारीची निघत होती. काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "गड्डा उरकला की येतो."